बसाजरा डॉट कॉम

मी एक पत्ता बोलतोय. घराचा नव्हे. मला गल्ली नाही, मजला नाही, दारावर आकडा नाही. मी बसाजरा डॉट कॉम. इंटरनेटवरचं नाव. तुम्ही मला टाइप करायचं, मी दार उघडायचं. माझं काम एवढंच होतं आणि ते मी चोख केलं.

एक गोष्ट आधी सांगतो. मला डोळे नाहीत. पण जिथं कोणी मला उच्चारतं किंवा लिहितं, तिथं मी हजर असतो. तेवढ्या वेळापुरतं मला दिसतं, ऐकू येतं. म्हणून माझी हकिगत तुटक आहे. जिथं मला कोणी बोलावलं नाही, तिथलं मला ठाऊक नाही.

डॉट कॉम मला नंतर लागलं. त्याआधी मी एका बाईच्या तोंडात होतो.

रस्त्याकडे तोंड असलेली एक लांबट खोली. दारातच पत्र्याचा टब, त्यात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या. भिंतीवर खुर्च्या टांगलेल्या, पाय वर करून. मागं पडदा, पडद्यामागं घर. बाईचा नवरा जमिनीवर बसून खुर्च्यांच्या बैठका विणायचा. गुडघ्यांत चौकट धरलेली, दातांत पट्टीचं टोक. दातांत पट्टी असली की त्याला बोलता येत नसे. पट्टी नसली तरी तो बोलत नसे.

बोलायचं काम बाईचं. कोणी मोडकी खुर्ची घेऊन पायरी चढला की ती पडद्यामागून हात पुसत बाहेर यायची आणि म्हणायची, "या. बसा जरा."

त्या दुकानात इतक्या खुर्च्या, पण धड खुर्ची एकच. लग्नानंतर नवऱ्यानं बायकोसाठी केलेली. ती तिनं दाराजवळ ठेवून गिऱ्हाइकांना देऊन टाकली होती. स्वतः ती उभीच असायची.

त्यांना एक मुलगी. शिकली, दुसऱ्या गावी ऑफिसात लागली. एकदा सुट्टीत आली तेव्हा भिंतीवरच्या खुर्च्या कमी झालेल्या तिनं पाहिल्या. लोक मोडलेली खुर्ची फेकायला लागले होते. ज्यांना दुरुस्त करून हवी होती, त्यांना हे दुकान माहीत नव्हतं.

"बाबा, वेबसाइट करू," ती म्हणाली.

"पाटी आहे आपल्याला."

"पाटी रस्त्यानं जाणाऱ्याला दिसते. तुमचं गिऱ्हाईक आता या रस्त्यानं जात नाही."

तो गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा घरात घ्यायचे. मुलीनं लॅपटॉप उघडला. आता नाव शोधायचं होतं. माझ्या जन्माची दुपार ती हीच.

समोर किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान होतं. सगळे त्याला चावीवाला म्हणायचे. घरात चार माणसं एकत्र बोलताना दिसली की तो स्वतःचं दुकान उघडं टाकून यायचा. तसा आला.

बापानं दातांतली पट्टी काढून पहिलं नाव सांगितलं. पाटीवरचंच. 'वडिलोपार्जित वेतकाम व खुर्चीदुरुस्ती'. मुलीनं टाइप केलं. ओळ संपली तरी नाव संपेना.

"बाबा, हे टाइप करून होईपर्यंत माणूस नवीन खुर्ची आणून बसेल त्यात."

"खुर्चीसम्राट ठेवा," चावीवाला म्हणाला. "कसं भारदस्त वाटतं, काय उस्ताद?"

"सम्राट बघा की जमिनीवर मांडी घालून बसलेत," बाई म्हणाली.

"मग बेस्टखुर्ची ठेवा आणि पुढं एक-दोन-तीन लावा. माझ्या भाच्यानं असंच ठेवलंय."

"आकडे नकोत काका. मधे आडवी रेघ पण नको," मुलगी म्हणाली. "फोनवर सांगितलं तर पलीकडच्याला एकदाच ऐकून लिहिता आलं पाहिजे. छोटं पाहिजे. दुसऱ्या कोणाच्या नावासारखं नको. आणि उद्या तुम्ही पाळणे विणायला लागलात तरी चाललं पाहिजे. उगीच खुर्चीला बांधून घ्यायचं कशाला?"

"मी पाळणे विणत नाही," बाप म्हणाला.

मुलीला शंका होती की आपण ऑफिसातली माणसं, आपल्याला जे सोपं वाटतं ते सगळ्यांना वाटतंच असं नाही. म्हणून तिनं मावशीला फोन लावला. एकेक नाव सांगायचं आणि मावशीकडून परत म्हणवून घ्यायचं, अशी तिची परीक्षा होती.

"लवकर बोल, दूध तापत ठेवलंय," मावशी म्हणाली.

पहिलं नाव मावशीनं अर्धंच म्हटलं. दुसरं म्हणताना अडखळली. तिसऱ्याला चिडली. "काय गं ही नावं! औषधांची आहेत का? माणसासारखं एखादं सुचत नाही का तुम्हाला?"

तेवढ्यात पायरीवर एक हॉटेलवाला आला. दोन्ही हातांत दोन खुर्च्या, दोन्हींच्या बैठका फाटलेल्या. बाई पुढं झाली. "या. बसा जरा."

फोनमधून मावशीचा आवाज आला. "कोण आलंय गं? ताई कोणाला बसा जरा म्हणतेय?"

मुलगी थांबली. रस्त्याची घरघर, हॉटेलवाल्याचं खोकणं, चावीवाल्याची बडबड, एवढ्या सगळ्यातून तो शब्द पलीकडं पोहोचला होता. एका फटक्यात, धडधाकट. तिनं तो टाइप केला. मधली जागा काढून टाकली.

"मोकळं आहे," ती म्हणाली. "आई, हे नाव मोकळं आहे!"

बापानं हातातली चौकट खाली ठेवली. "हे नाव नव्हे. हे बोलणं आहे. नाव घराण्याचं असतं."

"राहू दे हो," बाई म्हणाली. "मामंजींच्या पाटीवरचंच नाव लावू. वाईट कशाला वाटून घ्यायचं?"

त्यानं चौकट उचलली, एक अख्खी ओळ विणली, टोक ओढून घट्ट केलं. मग म्हणाला, "ठेवा. पण हिच्या नावावर ठेवा."

"माझ्या नावावर करते ना बाबा. वेळच्या वेळी मला लक्ष ठेवता येईल."

"शब्द हिचा आहे. दुसऱ्याच्या नावावर केला तर ती चोरी. हिच्या नावावर."

त्यावर पुढं बोलायची सोय नव्हती. बाईच्या नावानं टपालपेटी उघडली गेली, फोनमधली, ईमेलची. तिच्या आयुष्यातली पहिली. मी तिच्या नावावर चढलो. माणसाला मूल होतं तसा मी त्या बाईला झालो असं म्हणणार नाही. मोठं बोलायची मला सवय नाही. पण मालकीण म्हणून मी दुसऱ्या कोणाला ओळखत नाही.

"आता सांभाळा वहिनी," चावीवाला जाता जाता म्हणाला. "तुमची पत्रं उस्ताद चोरून वाचतील."

"ते?" बाई हसली. "ते माझं टपाल हातात धरतील, पण उघडणार नाहीत."

मग तिनं मुलीला कारण सांगितलं. मीही तेव्हाच ऐकलं. ती नवी नवरी असताना तिच्या आईचं पहिलं पत्र आलं. सासऱ्यांनी ते फोडलं आणि सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचलं. आईनं लिहिलं होतं, तिथं रडू नकोस, लोक हसतील. लोक हसले. त्या दिवशी नवऱ्यानं तिला सांगितलं, तुझ्या नावाचा कागद या घरात तुझ्याशिवाय कोणी उघडणार नाही. सासऱ्यांनाही तसंच तोंडावर सांगितलं. ते त्याच्याशी बरेच दिवस बोलले नव्हते. तेव्हापासून त्या घरात तिची पत्रं बंद लिफाफ्यातच तिच्या हाती येत. ती माहेरी गेलेली असली तर फळीवर वाट बघत पडून राहत.

बाप हे सगळं ऐकत खाली मान घालून विणत होता. कान लाल झाले होते.

माझे चांगले दिवस सुरू झाले. माझं दार उघडलं की समोर बाईचा फोटो दिसायचा. तीच दाराजवळची खुर्ची, तिच्या पाठीवर हात ठेवून ती उभी. खाली दोनच शब्द, बसा जरा. लोक मोडक्या खुर्च्यांचे फोटो पाठवत. ती एका बोटानं उत्तरं लिही. 'फोटो खालून काढा. वरून सगळ्याच खुर्च्या बऱ्या दिसतात.' 'ही खुर्ची बरी होईल. पण तुमच्या मुलांना तिच्यावर उभं राहू देऊ नका.' एका डॉक्टरनं बाहेरच्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या पाठवल्या. लांबच्या गावाहून एका म्हाताऱ्यानं झुलती खुर्ची आणली. भिंत पुन्हा भरली. बाप संध्याकाळी भरलेल्या भिंतीकडं बघत बसायचा.

आमची जात भाडेकरूची. वर्षाच्या वर्षाला नोंद नवी करावी लागते. मुदत जवळ आली की नोंदणीवाले मालकाला पत्र पाठवतात, हे नाव अजून हवं आहे का? मुलगी म्हणायची, "आई, ते आपोआप होईल असं करून ठेवते. तुला बघायलाच नको."

"नको गं. वर्षातनं एकदा मला कोणीतरी विचारतं, अजून हवंय का म्हणून. विचारू दे की."

ती चष्मा लावायची. पत्र पुरतं वाचायची. आणि बटण दाबताना मोठ्यानं म्हणायची, "हवंय." पडद्याच्या अलीकडून नवरा विचारायचा, "काय हवंय?" ती म्हणायची, "तुम्हाला नाही."

मग ती आजारी पडली. आजाराचं वर्णन करत नाही. हॉस्पिटलात भेटायला येणारे खाटेच्या कडेला उभे राहायचे. ती म्हणायची, बसा जरा. पुढं आवाज गेला, तेव्हा ओठ हलायचे. त्यावरून नवरा स्टूल पुढं सरकवायचा. त्या खोलीतही मी होतो. एका सकाळपासून नव्हतो.

त्यानंतर त्या घरात मला उच्चारणारं कोणी उरलं नाही. गिऱ्हाईक आलं की बाप नुसता मान हलवायचा, असं चावीवाल्याच्या तोंडून नंतर कळलं. मी घरात शिरायचो तो एकाच वाटेनं. बाईच्या फोनमधून.

तो फोन फळीवर होता, जिथं पूर्वी तिची पत्रं ठेवत. बाप त्याला रोज चार्जिंगला लावायचा. फोन वाजायचा, काचेवर पत्र आल्याची खूण उमटायची, आणि त्या पत्रात माझं नाव असायचं म्हणून मला दिसायचं. बाप उठून जवळ यायचा. कोरड्या फडक्यानं फोनची काच पुसायचा. परत ठेवायचा.

बसाजरा डॉट कॉम. हे नाव अजून हवं आहे का?

त्यानं पुसलं आणि ठेवलं.

नंतर दुसरं पत्र आलं. मग शेवटची सूचना आली. मला हात असते तर मी ती काच आतून ठोठावली असती. तो माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. त्याला एक बोट टेकवायचं होतं. पण दिलेला शब्द मोडायचा नाही हे त्याच्या अंगात होतं, आणि ज्या बाईला शब्द दिला ती त्याला त्यातून मोकळं करायला नव्हती.

एकदा मुलीनं फोनवर विचारलं होतं, "बाबा, आईच्या फोनवर काही येतं का? बसाजराचं वगैरे?"

"येतं. तिचं आहे."

"मी आले की बघू का?"

"नाही."

तिनं विषय सोडला. म्हाताऱ्याला दुखवायचं नव्हतं तिला.

माझी मुदत संपली. दार बंद झालं. तो हॉटेलवाला दुकानात येऊन म्हणाला, "उस्ताद, तुमचं बसाजरा बंद दिसतंय." बापानं मान हलवली. "असेल," म्हणाला. त्याला वाटलं, मुलीनं दुःखापायी बंद ठेवलंय. आईचा फोटो तिच्यानं बघवत नसेल. आपण होऊन कशाला विचारायचं? आणि मुलीच्यानं तो फोटो खरोखरच बघवत नव्हता. तिनं माझं दार तेव्हापासून ठोठावलंच नव्हतं. दोघं एकमेकांना सांभाळत होती. सांभाळता सांभाळता माझे राहिलेले दिवसही गेले. मुदत संपल्यावरही नोंदणीवाले थोडे दिवस थांबतात, मालक परत येतोय का बघतात. मग बाजारात सोडतात.

मला कोणी निवडून घेतलं नाही. हे मला लागलं. मालकांनी सोडलेली नावं टिपणारं एक यंत्र असतं. छोटं आहे, बोलायला सोपं आहे, म्हणून त्यानं मला उचललं. मुलीनं त्या दुपारी जे जे गुण शोधले होते, त्या गुणांनीच मी विकला गेलो.

बातमी चावीवाल्यानं आणली. कोणा गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून त्यानं मला टाइप केलं होतं. तो फोन धरून रस्ता ओलांडून आला. थट्टा नव्हती तोंडावर.

"उस्ताद, हे बघा. वहिनींच्या जागेवर कोण बसलंय?"

बापानं बघितलं. जिथं बाई खुर्चीवर हात ठेवून उभी असायची, तिथं भडक चौकोन लुकलुकत होते. जुगार, केस उगवायचं तेल, आणि वर एक पट्टी. हे नाव विकाऊ आहे.

मुलगी पहिल्या गाडीनं आली. फळीवरचा फोन बघितला आणि तिला सगळं कळलं.

"बाबा, पत्रं आली असतील यात. बसाजराची. तुम्ही उघडलीच नाहीत?"

"तिची होती."

"बाबा, आई गेली!"

"मला सांगतेस?"

मग त्यानंच फोन उचलून तिच्या हातात दिला. "उघड. पण मोठ्यानं वाचू नकोस."

तिनं उघडलं. मनात वाचलं. ती वाचत असताना तो तिच्या तोंडाकडं बघत होता. शेवटी त्यानंच विचारलं, "काय विचारत होते?"

"हवंय का म्हणून."

तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला. त्या खुर्चीवर त्याला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाला, "ज्यानं घेतलंय त्याला लिही. बायकोचा शब्द आहे म्हणावं. माझी विनंती आहे असं लिही."

मुलीनं मान वर केली. विनंती हा शब्द तिनं बापाच्या तोंडून ऐकला नव्हता. तिनं लिहिलं, जसं त्यानं सांगितलं तसंच. ते माझ्या नव्या मालकाकडं गेलं. मालक म्हणजे ते यंत्र. त्यानं उत्तर दिलं नाही. मीही देऊ शकलो नाही. पत्ता दुसऱ्यांचं दार उघडतो, स्वतःचं तोंड उघडू शकत नाही.

वाट पाहून झाल्यावर मुलीनं पुन्हा लॅपटॉप उघडला. "बसाजराच्या पुढं काहीतरी जोडून बघू का? दुकान वगैरे? किंवा डॉट कॉमच्या जागी दुसरं?"

"नको. लोक तिला शोधत जातील आणि चुकून तिकडं पोहोचतील. तेल विकणाऱ्याकडं." त्यानं पट्टी दातांत धरली, मग परत काढली. "वेतकाम. पाटीवरचा एवढाच शब्द घे."

वेतकाम डॉट कॉम. मोकळं होतं. नाव चांगलं आहे. छोटं आहे, एकदाच ऐकून लिहिता येतं, पाळणे विणले तरी चालेल. मी त्याच्याबद्दल वाकडं बोलणार नाही.

"तुमच्या नावावर करू?" मुलीनं विचारलं. आवाज जरा भीत होता.

"तुझ्या. आणि दुसऱ्या कोणाचा तरी हात त्यात ठेव. एकट्याच्या नावावर काही ठेवू नकोस." तो खाली बघून बोलत होता. "माझ्या नावानं काही आलं तर ते उघडायचं. मी असताना उघडायचं. मी नसताना तर लगेच उघडायचं. ऐकलंस?"

"ऐकलं बाबा."

"मोठ्यानं वाचलंस तरी चालेल."

त्यानंतर त्या दुकानातलं मला दिसायचं कारण उरलं नव्हतं. मी आता दुसऱ्याचा. लुकलुकणारे चौकोन दाखवतो. कोणी चुकून येतं, बघतं, निघून जातं. माझ्या दारात बसायला जागा नाही. ज्याच्या नावातच अगत्य आहे त्याच्यावर ही पाळी यावी, याची मला लाज वाटते.

तुम्ही उद्या स्वतःसाठी असं एखादं नाव निवडाल. छोटं निवडा, सोपं निवडा, ते सगळं कराच. पण ज्याच्या नावावर कराल त्याच्यामागं ते कोण राखणार, हेही त्याच दुपारी ठरवा. कडू वाटलं तरी ठरवा. मला राखणारं कोणी ठरलेलं नव्हतं.

आता निघतो. फक्त कालचं एक सांगायचं राहिलं.

काल अचानक मला ओल्या वेताचा वास आला. पत्र्याचा टब दिसला, भिंतीवर उलट्या टांगलेल्या खुर्च्या दिसल्या. मला कोणीतरी बोलावलं होतं. पायरीवर एक बाई मोडकी खुर्ची घेऊन उभी होती, दमलेली. पडद्यामागून कोणी येणार नव्हतं. बापानं चौकट बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठला, दाराजवळची खुर्ची हातानं झटकली. त्याला ते बोलायची सवय नव्हती. घसा खाकरावा लागला.

"या," तो म्हणाला. "बसा जरा."

ती बसली, आणि मी परत गेलो.